घरचें आरोग्य : शरीरशुद्धीचे तीन दिवस

दिवाळीचा फराळ संपला, लग्नसराईच्या पंगती आटोपल्या, किंवा आंब्याचे दिवस सरले, कीं पोटाची आठवण होणें हा आपल्याकडील जुनाच क्रम आहे. पूर्वीं अशा वेळीं घरांतील वडील माणूस "आज रात्रीं मला पान नको, नुसतें ताक द्या," असें म्हणे, आणि त्यापलीकडे त्या गोष्टीचा बोभाटा होत नसे. अलीकडे याच गोष्टीला 'डिटॉक्स' असें नांव मिळालें असून मोबाईलच्या पडद्यावरून ती घरोघर शिरली आहे. तीन दिवस हिरवा रस प्या, सात दिवस लिंबूपाणी घ्या, अमुक चूर्ण रात्रीं घेऊन झोपा, म्हणजे शरीरांत सांठलेलें विष बाहेर पडेल, कांति उजळेल आणि वजन झपाट्यानें उतरेल, अशीं आश्वासनें तेथें मुक्तहस्तानें दिलीं जातात.

जेथें एका छपराखालीं तीन पिढ्या नांदतात, तेथें हा प्रश्न एकट्यादुकट्याचा राहत नाहीं. कॉलेजांत जाणारी नात आरंभ करते. तिच्या कौतुकापायीं आजी सामील होते. आजीला मधुमेहाच्या गोळ्या चालू असतात. आणि रस काढणें, गाळणें, भांडीं विसळणें हें सारें काम नेहमींच्या स्वयंपाकाखेरीज घरच्या सुनेच्या वांट्याला येतें. तेव्हां अशा शुद्धीनें खरोखर काय घडतें, कोणीं तिच्या वाटेस जाऊं नये, आणि घरांत करावयाचीच तर ती कशी करावी, या तीन गोष्टींचा विचार आधींच झालेला बरा.

पहिला प्रश्न असा, कीं जें विष बाहेर काढावयाचें तें कोणतें? २००९ सालीं इंग्लंडांत 'सेन्स अबाउट सायन्स' या संस्थेच्या पुढाकारानें कांहीं तरुण शास्त्रज्ञांनीं 'डिटॉक्स' म्हणून विकल्या जाणाऱ्या पंधरा वस्तूंच्या उत्पादकांकडे हीच पृच्छा केली. त्यांना आढळलें, कीं त्या शब्दाचा अर्थ सर्वांना मान्य असा एकही नव्हता. पुढें २०१५ च्या सुमारास ऑस्ट्रेलियांतील दोन संशोधकांनीं या विषयावरील उपलब्ध लिखाण तपासलें, तेव्हां बाजारांतील अशा आहारांची नीट तुलना करून घेतलेली शास्त्रशुद्ध चांचणी त्यांना एकही सांपडली नाहीं. जाहिरातींच्या गर्दीच्या मानानें पुराव्याचें हें दारिद्र्य मोठें लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

याचा अर्थ शरीरांत टाकाऊ द्रव्यें उत्पन्न होत नाहींत, असा मात्र नव्हे. तीं क्षणोक्षणीं उत्पन्न होतात, आणि क्षणोक्षणीं बाहेरही टाकलीं जातात. प्रथिनांच्या पचनांतून निघणारा अमोनिया मेंदूला घातक आहे. यकृत त्याचें युरियांत रूपांतर करतें, आणि तो युरिया मूत्रावाटे निघून जातो. मद्य, औषधें, अन्नांतून नकळत गेलेलीं रासायनिक द्रव्यें यांचीही मोडतोड यकृतांतच होते. दोन्ही मूत्रपिंडें मिळून दिवसाकाठीं सुमारे १८० लिटर द्रव गाळतात, आणि त्यांतील बहुतेक सर्व रक्ताला परत देऊन दीड-दोन लिटर तेवढें मूत्ररूपानें बाहेर सोडतात. आंतड्याला वर्षानुवर्षांचा मळ चिकटून बसलेला असतो, ही समजूतही अशीच निराधार आहे. कारण आंतड्याचें अस्तर तीन ते पांच दिवसांत नवें होत असतें. ही सारी व्यवस्था लिंबूपाण्याच्या पेल्याची वाट पाहत थांबलेली नसते. आणि ती खरोखर बिघडली, तर पेल्यानें सुधारतही नाहीं. मूत्रपिंडें निकामी झालेल्या रोग्याला डायलिसिस लागतें, शिशाची विषबाधा झालेल्या मुलाला रुग्णालयांतील औषधयोजना लागते, आणि दारूचें व्यसन सोडविणें हें तर डॉक्टरांच्या देखरेखीचेंच काम आहे. 'विष उतरविणें' हा शब्द जेथें शोभतो, तीं ठिकाणें हीं आहेत.

येथें कोणी म्हणेल, कीं आपल्या आयुर्वेदानें तर लंघनाचा महिमा गाइला आहे. तो गाइला आहे खरा. पण काय म्हणून, तेंही पाहिलें पाहिजे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील बाविसाव्या अध्यायांत लंघनाचे दहा प्रकार सांगितले आहेत: वमन, विरेचन, निरूहबस्ति व शिरोविरेचन या चार शुद्धि, आणि तहान सोसणें, वारा, ऊन, पाचन, उपवास व व्यायाम हे सहा. म्हणजे जेवण सोडणें हा या दहांपैकीं एक. चालणें-फिरणें हाही त्यांतलाच एक. शिवाय कोणता प्रकार कोणाला द्यावयाचा, हें रोग्याचें बळ आणि रोगाचें स्वरूप पाहून वैद्यानें ठरवावयाचें असतें. त्याच अध्यायांत लंघनाच्या जोडीला बृंहणही, म्हणजे पोषणही, सांगितलेलें आहे. कृश आणि दुर्बळ माणसाला लंघन नव्हे, तर बृंहण हवें. शुद्धीनंतर एकदम पंगतीला बसावें असेंही त्या शास्त्राचें म्हणणें नाहीं. आधीं पेज, मग दाट विलेपी, मग कढण, अशा पायऱ्यांनीं नेहमींच्या अन्नाकडे यावयाचें असतें, आणि या क्रमाला संसर्जन असें नांव आहे. बाटलींतील रस विकणारा या पायऱ्या सांगत बसत नाहीं.

निसर्गोपचाराची परंपराही आपल्या प्रांतांत रुजलेली आहे. महात्मा गांधींनीं १९४६ सालीं उरुळी कांचन येथें निसर्गोपचाराचें काम सुरूं केलें. पुण्यांत ज्या दिनशा मेहतांच्या उपचारगृहांत ते राहत असत, त्या वास्तूंत आज राष्ट्रीय निसर्गोपचार संस्था आहे. त्याच गांधींनीं १९४३ सालीं आगाखान पॅलेसमध्यें एकवीस दिवसांचा उपवास केला, तेव्हां नामांकित डॉक्टर त्यांच्या प्रकृतीवर लक्ष ठेवून होते. उपासाचा इतका दांडगा अनुभव असलेल्या पुरुषाच्याही उशाशीं वैद्यक होतें, ही गोष्ट चूर्णाची डबी उघडण्यापूर्वीं आठवावी.

आतां उपासाच्या दोन-तीन दिवसांत शरीरांत काय घडतें, तें पाहूं. आपल्या यकृतांत सुमारे १०० ग्रॅम आणि स्नायूंत सुमारे ४०० ग्रॅम इतकी साखर ग्लायकोजनच्या रूपानें सांठविलेली असते, आणि तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवलेलें असतें. खाणें थांबलें कीं हा सांठा उपसला जातो आणि पाणी सुटें होऊन निघून जातें. लोणचें-पापड बंद झाल्यानें मीठ कमी होतें, त्यामुळें आणखी थोडें पाणी उतरतें. यामुळेंच तिसऱ्या दिवशीं वजनकांट्यावर दीड-दोन किलोंचा फरक दिसतो, आणि पुन्हां नेहमींचें जेवण सुरूं होतांच आठवडाभरांत त्यांतील बराचसा भरून येतो. चरबीचा हिशेब निराळा आहे. एक किलो चरबींत सुमारे ७७०० किलोकॅलरी उष्णता सांठलेली असते. घरांतील कामधाम करणाऱ्या माणसाला दिवसाला २००० किलोकॅलरी लागतात असें धरलें, तर तीन दिवस अन्नाचा कणही न खाल्ल्यास तूट येईल ६००० ची. तेवढ्यानें किलोभर चरबीही झडत नाहीं. मग रस पिऊन झडेल ती किती, हें शाळकरी मूलही सांगूं शकेल.

पहिल्या-दुसऱ्या दिवशीं डोकें दुखतें, त्याचाही उलगडा करून ठेवला पाहिजे. "विष बाहेर पडत आहे म्हणून डोकें दुखतें" असें सांगून त्या दुखण्याला पुण्याई चिकटविली जाते. वस्तुतः आपल्याकडे बहुधा तो चहाचा रुसवा असतो. रोज तीन-चार कप घेणाऱ्यानें चहा अकस्मात सोडला, तर बारा ते चोवीस तासांत डोकें जड होतें, मन चिडचिडें होतें, आणि हा त्रास पुढें एक-दोन दिवस वाढून मग ओसरतो. उपाशी राहिल्यानें आणि पाणी कमी पडल्यानें त्यांत भरच पडते. ज्याला चहा सोडावयाचा असेल त्यानें आधींच्या आठवड्यांत एकेक कप कमी करीत यावें. डोकेदुखी बहुतेक टळते.

उपासाच्या बाजूनें जें बोलण्यासारखें आहे, तेंही बोललें पाहिजे. शरीरांतील पेशी आपलेच जुने, मोडके भाग मोडून पुन्हां वापरतात. या क्रियेला ऑटोफॅजी म्हणतात. तिचा उलगडा केल्याबद्दल जपानचे योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चें नोबेल पारितोषिक मिळालें. अन्न तुटलें कीं ही क्रिया वाढते, हेंही खरें आहे. परंतु ओसुमींचें मूळ कार्य यीस्टच्या पेशींवर झालें होतें. तेथून निघून 'तीन दिवस काकडीचा रस प्याल्यानें माणूस तरुण होतो' येथपर्यंत उडी मारणें म्हणजे शेंडा पाहून फळाची किंमत ठरविण्यासारखें आहे.

आमच्या घरीं गेल्या चैत्रांत अशा तीन दिवसांचा प्रयोग झाला. घरांत माणसें नऊ. रसाचा प्रस्ताव तरुण मंडळींचा होता. परंतु बोलतां बोलतां असें ठरलें, कीं कोणीं उपाशी राहावयाचें नाहीं, अन्न तेवढें साधें करावयाचें. तीन दिवस घरांत साखर, मैदा, तळण, फरसाण, लोणचें-पापड आणि बाहेरचें खाणें यांना रजा. सकाळीं ताकाबरोबर मऊ भात किंवा नाचणीची आंबील. दुपारीं ज्वारीची भाकरी, मुगाचें वरण, एक पालेभाजी, एक फळभाजी आणि वाटीभर कोशिंबीर. तिसऱ्या प्रहरीं पपई किंवा पेरू. रात्रीं दिवेलागणीनंतर लौकरच मुगाची खिचडी व कढी. आणि पुढें सकाळपर्यंत कांहीं नाहीं. फळें चावून खावयाचीं, पिळून नव्हे. कारण रस गाळला कीं चोथ्याबरोबर तंतू जातात आणि उरते ती बहुतांशीं साखर व पाणी. पाणी तहान लागेल तसें. ज्याला सकाळीं कोमट पाण्यांत लिंबू पिळून हवें होतें त्यानें तें घ्यावें. त्यानें बाधा नाहीं, चमत्कारही नाहीं.

या तीन दिवसांत घडलें तें असें. रात्रीं लौकर जेवल्यामुळें दोघांची जळजळ थांबली. एकाचें वजन सव्वा किलोनें उतरलें, आणि पुढच्या रविवारपर्यंत त्यांतील एक किलो परत आलें. चेहऱ्यावर तेज आल्याचें कोणाच्या नजरेस पडलें नाहीं. पण खरा लाभ निराळाच होता. तो साखरेच्या डब्यांत दिसला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०२४ सालीं प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनांत दिवसाला माणशीं साखर २५ ग्रॅमच्या आंत आणि मीठ ५ ग्रॅमच्या आंत ठेवावें असें सांगितलें आहे. आतां दिवसाचे चार कप चहा आणि कपाला दोन लहान चमचे साखर, असा साधा हिशेब मांडला, तर आठ चमचे, म्हणजे सुमारे ३२ ग्रॅम, साखर नुसत्या चहांतून पोटांत जाते. शिरा, बिस्किटें आणि मुरांबा अजून मोजावयाचेच असतात. साखरेचा डबा तीन दिवस न हलल्यामुळें एरवीं तो किती हलतो, हें घराला प्रथमच दिसलें. तीन दिवसांचा प्रयोग एखादें विष काढीत नसेल. पण संवयीवर दिवा धरण्याचें काम तो करतो.

जे या वाटेस मुळींच जाऊं नयेत, त्यांची आठवण करून देणें हा या लेखाचा मुख्य हेतु आहे. इन्सुलिन घेणाऱ्या, किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या घेणाऱ्या मधुमेह्यानें जेवण टाळून गोळी घेतली, तर रक्तांतील साखर धोकादायकरीत्या खालीं येते. घाम फुटणें, हात थरथरणें, छातींत धडधडणें, बोलण्यांत गोंधळ होणें ही त्याचीं लक्षणें. मोजणी ७० च्या खालीं असेल, किंवा मोजण्याची सोय नसेल तरीही, शुद्धींत असलेल्या माणसाला तीन चमचे साखर पाण्यांत विरघळवून ताबडतोब पाजावी, पंधरा मिनिटांनीं पुन्हां पाहावें, आणि माणूस बेशुद्ध असेल तर तोंडांत कांहींही न घालतां रुग्णालय गांठावें. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन अशा नव्या गोळ्यांवर असलेल्यानें उपास केल्यास रक्तांत घातक आम्लता वाढण्याचा धोका असतो, आणि तो साखरेच्या मोजणींत नेहमीं दिसतोच असें नाहीं. रक्तदाबासाठीं लघवी वाढविणारी गोळी घेणाऱ्याला उपासांत भोंवळ येऊं शकते. गर्भवती, अंगावर पाजणारी माता, वाढत्या वयाचीं मुलें, क्षयाचे औषधोपचार चालू असलेले, मूत्रपिंडाचे रोगी आणि अशक्त वृद्ध या सर्वांना हें वर्ज्य. आजीला हौस असली, तर तिनें साध्या जेवणाच्या पंगतीला अवश्य बसावें. मात्र जेवणाच्या वेळा आणि गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांना विचारल्याखेरीज तसूभरही हलवूं नयेत.

रसांविषयीं दोन शब्द निराळे. दुधी भोपळा कडू निघाला, तर त्यांत कुकुर्बिटॅसिन नांवाचीं विषारी द्रव्यें असतात. २०१० सालीं दिल्लींत कडू दुधीचा रस प्याल्यानें एका गृहस्थांचा मृत्यु झाला, आणि त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनें तज्ज्ञांची समिति नेमली. तिच्या सल्ल्याचा सारांश असा: दुधीचा लहानसा तुकडा आधीं चाखून पाहावा, कडू लागल्यास दुधी टाकून द्यावा, आणि त्याच्या रसांत दुसरा कोणताही रस मिसळूं नये. कारल्याच्या रसांत दुधीचा कडूपणा कळणार तरी कसा? पालकांत ऑक्झलेट पुष्कळ असतें. कच्च्या पालकाचा रस रोज पेलापेलाभर पिऊन मूत्रपिंडांना इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. तोच पालक वरणांत शिजवून बेताबेतानें खाल्ला, तर भिण्याचें कारण नाहीं. रक्त पातळ ठेवणारी वॉर्फरिन ही गोळी ज्यांना चालू आहे, त्यांनीं तर पालेभाजीचें प्रमाण एकाएकीं वाढवूंही नये, घटवूंही नये.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. आपल्या घरांतून आठवड्याचे उपास बहुतांशीं स्त्रियाच करतात. सोमवार, चतुर्थी, एकादशी, हरितालिका, नवरात्र अशी ही माळ वर्षभर चालू असते. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' म्हणून आपण हंसतों खरे. पण साबुदाण्याच्या खिचडीच्या त्या वाडग्यांत पिष्ट भरपूर असलें, तरी लोह जवळजवळ नसतें. २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत पंधरा ते एकुणपन्नास वयाच्या भारतीय स्त्रियांपैकीं ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. ज्या घरांतील सून सर्वांच्या मागून जेवते, उरलेलें संपविते आणि आठवड्यांतून दोन उपास करते, तिला डिटॉक्सची नव्हे, तर रक्ततपासणीची, पोटभर वरणाची आणि हिरव्या भाजीची गरज आहे. चरकाच्या भाषेंत बोलावयाचें तर तिच्या वांट्याला लंघन पुष्कळ झालें. आतां बृंहण हवें.

कामाच्या वांटणीचेंही तेंच. ज्याला शुद्धि करावयाची त्यानें तीन दिवस स्वयंपाकघरांत स्वतः उभें राहावें. भाजी निवडावी, कोशिंबीर चिरावी, आपलें भांडें आपण घासावें. चुलीवर एकाच वेळीं आजोबांची मऊ खिचडी, मुलांच्या पोळ्या, पाहुण्यांसाठीं भजीं आणि एकाचा खास रस असे चार संसार मांडण्याची पाळी येणार असेल, तर तो प्रयोग मांडूं नये. सर्व घरासाठीं एकच साधें अन्न करणें हें प्रकृतीलाही मानवतें आणि घरच्या स्त्रीलाही.

शेवटीं चौथ्या दिवसाविषयीं. तीन दिवस संयम आणि चौथ्या दिवशीं श्रीखंडपुरी, असा बेत पुष्कळ घरीं ठरलेला असतो. त्यापेक्षां तीन दिवसांतील जें सहज पेललें, त्यांतील एक-दोन गोष्टी वर्षभरासाठीं ठेवून द्याव्या: चहांत दोनाऐवजीं एक चमचा साखर, रात्रीचें जेवण तासभर अलीकडे, पानांत रोज कोशिंबीर, लोणच्याची फोड सणावारापुरती. आमच्या घरीं यांतल्या पहिल्या दोन टिकल्या आहेत; तिसरीचें काकडीच्या भावावर अवलंबून असतें, आणि चौथीविषयीं घरांत अद्याप एकमत झालेलें नाहीं.